बुद्धूचे पुढे काय झाले? : चहामळ्याच्या कादंबरीतील मूल, कुटुंब आणि कायदा

१

मुल्कराज आनंद यांची ‘टू लीव्ह्ज अँड अ बड’ ही कादंबरी १९३७ साली प्रसिद्ध झाली. होशियारपूरकडचा कर्जबाजारी शेतकरी गंगू हा बुटा नावाच्या सरदाराच्या भूलथापांना बळी पडतो. पत्नी सजनी, वयात येणारी मुलगी लैला आणि लहानगा बुद्धू यांना घेऊन तो आसामातील चहामळ्यावर येतो. स्वतःच्या मालकीच्या जमिनीचे आश्वासन हवेत विरते, सजनी आजाराने दगावते, लैलाच्या मागे लागलेल्या रेगी हंट या गोऱ्या अधिकाऱ्याच्या गोळीने गंगूचा अंत होतो आणि ज्युरी हंटला निर्दोष ठरवते. निकाल लागतो, तेथेच कादंबरी संपते.

काही वर्षांपूर्वी तौलनिक साहित्याच्या वर्गात ही कादंबरी शिकवत असताना वसाहतवादी न्यायव्यवस्थेचे पितळ उघडे पाडणारा शेवट म्हणून प्रस्तुत लेखकाने त्या निकालाचे विवेचन केले. तास संपता संपता आसामातील चहामळ्यात वाढलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, पण बुद्धूचे पुढे काय झाले?” उत्तर सुचले नाही. कादंबरीत ते नाही, एवढे सांगून वेळ मारून नेली. त्यावर ती शांतपणे म्हणाली की मळ्यातली शाळा जेथे संपत होती, तेथेच तिच्या थोरल्या भावाचे शिक्षण संपले आणि दुसऱ्या वर्षापासून तो मळ्यात जाऊ लागला. बुद्धूचेही तेच झाले असणार, एवढेच तिला म्हणायचे होते.

हा प्रश्न भाबडा वाटण्याचा संभव आहे. संहितेबाहेरील पात्रजीवनाविषयी विचारू नये, अशी शिस्त समीक्षेने आपल्याला लावलेली आहे. तथापि काही प्रश्न संहितेतील मौनाकडे बोट दाखवतात आणि ते मौन एका लेखकाचे नसून एका संपूर्ण साहित्यप्रकाराचे असू शकते. मळ्यावरील स्थलांतरित मजुरांविषयी भारतीय भाषांत जे लेखन झाले, त्यात मूल नेमके कोठे उभे आहे, ते श्रमिक म्हणून दिसते की श्रमिकाचे अपत्य म्हणून, आणि त्या मुलाच्या संरक्षणासाठी केलेल्या कायद्याची दृष्टी या साहित्याच्या दृष्टीहून कितपत वेगळी आहे, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२

आरंभी शब्दांचा विचार करणे आवश्यक आहे. मराठीत आपण सहजपणे ‘चहाचा मळा’ म्हणतो. मळा म्हणजे विहिरीच्या वा पाटाच्या पाण्यावर पोसलेले बागायती रान. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मनात या शब्दाला समृद्धीचा ओलावा आहे, आणि मळा नेहमी कुणाच्या तरी घरचा असतो. बंगाली व असमिया भाषांतील ‘बागान’ आणि ‘बागिचा’, तमिळमधील ‘तोट्टम’, इंग्रजीतील ‘गार्डन’ हे सारे शब्द बागेचेच आहेत. ज्या ठिकाणी जंगल तोडताना आणि हिवतापाने हजारो माणसे मेली, त्या ठिकाणाला बहुतेक भाषांनी बाग म्हटले, ही तौलनिक अभ्यासकाने नोंदवावी अशी गोष्ट आहे. श्रीलंकेत याच ‘तोट्टम’वरून मळ्यातील तमिळांना हिणवणारा शब्द तयार झाला, म्हणजे बाग मालकाची राहिली आणि तिचा कलंक मात्र राबणाऱ्याच्या वाट्याला आला.

याच्या शेजारी मजुराच्या अनुभवातून आलेली दुसरी शब्दसंपदा आहे : अरकाटी, सरदार, कंगाणी, मेस्त्री, हाजिरा, लाईन, गिरमिट. मराठीत कसबी कारागिराला लावला जाणारा ‘मिस्त्री’ हा शब्द अन्नमलईच्या डोंगरात मजूर भरणाऱ्या दलालाचा होतो. ‘कंगाणी’च्या मुळाशी तमिळमधील ‘डोळा’ हा शब्द आहे. नजर ठेवणारा तो कंगाणी. माणसे गोळा करणारा, आगाऊ रक्कम देणारा, कामावर देखरेख करणारा आणि पळून गेलेल्याला शोधणारा माणूस बहुधा एकच असे, हे या व्यवस्थेचे मर्म होते.

मराठी वाचकाला हे समजण्यासाठी आसामपर्यंत जाण्याची गरज नाही. ऊसतोडीच्या व्यवहारातील ‘उचल’, ‘मुकादम’ आणि ‘कोयता’ हे तीन शब्द पुरेसे आहेत. उचल घेतलेला माणूस हंगाम संपेपर्यंत त्या रकमेशी बांधला जातो आणि ‘एक कोयता’ म्हणजे एक माणूस नव्हे, तर नवरा-बायकोची जोडी. उसाचा फड कायद्याच्या भाषेत प्लँटेशन नव्हे, आणि ही तुलना फार ताणूही नये. परंतु जोडीला एक एकक मानणारी मोजणी दोन्हीकडे आहे. त्या एककाच्या सावलीत चालणारे मूल मोजणीत येत नाही, राबते मात्र.

३

मळ्याविषयीचे लेखन कोणी केले, हे पाहिले असता साक्षीदारांचे तीन प्रकार दिसतात.

पहिला साक्षीदार बाहेरून आलेला. निळीच्या लागवडीवरील दीनबंधू मित्र यांचे ‘नीलदर्पण’ (१८६०) हे या परंपरेचे आद्य उदाहरण. त्याच्या इंग्रजी अनुवादाच्या प्रकाशनाबद्दल रेव्हरंड जेम्स लाँग यांना १८६१ मध्ये एक महिन्याचा कारावास आणि एक हजार रुपये दंड झाला. चहाच्या संदर्भात ब्राह्मो प्रचारक रामकुमार विद्यारत्न यांची ‘कुली काहिनी’ (१८८८) आणि त्याच सुमारास द्वारकानाथ गंगोपाध्याय यांनी वृत्तपत्रांतून केलेले लेखन महत्त्वाचे. या लेखनामागची परिस्थिती ध्यानात घ्यावी लागते. १८५९ च्या कायद्याने मजुराने करार मोडणे हा फौजदारी गुन्हा ठरला होता आणि १८६५ मध्ये पळून जाणाऱ्या मजुराला वॉरंटाशिवाय पकडण्याचा अधिकार मळेवाल्यांना मिळाला होता. साक्षीदाराने बाहेरूनच यावे लागे. आतला माणूस बाहेर पडू शकत नव्हता. १९२१ मध्ये चारगोला खोऱ्यातील हजारो मजूर मळे सोडून पायी निघाले आणि चांदपूरला त्यांच्यावर बळाचा वापर झाला. आतल्या माणसाने सामूहिकपणे दिलेली ती एक मोठी साक्ष होती, पण ती पावलांनी दिलेली होती. आनंदांची कादंबरी बाह्य साक्षीच्याच परंपरेत बसते. मजुरांच्या बाजूने बोलण्याचे काम तेथे द ला हाव्र या गोऱ्या डॉक्टरकडे येते, ही त्या परंपरेची मर्यादा आहे.

दुसरा साक्षीदार नोकरीच्या निमित्ताने आत शिरलेला. पी. एच. डॅनियल हे अन्नमलईच्या मळ्यांवर डॉक्टर होते आणि पुढे त्यांनी कामगार संघटनेचे काम केले. ‘रेड टी’ (१९६९) ही त्यांची कादंबरी १९२० च्या दशकातील करुप्पन आणि वल्ली या तिरुनेलवेलीकडील दलित जोडप्याची कथा सांगते. येथे डॉक्टर केवळ सहानुभूतीचे पात्र न राहता निवेदनाची दृष्टी बनतो. रोग, उपासमार, बाळंतपण आणि मृत्यू यांच्या नोंदीतून मळा आकार घेतो. बिरिंचिकुमार बरुआ यांनी रास्ना बरुआ या टोपणनावाने लिहिलेली ‘सेउजी पातर काहिनी’ (१९५९) ही असमिया कादंबरी मळ्यावर नोकरीस आलेल्या नरेश्वर या तरुणाच्या आणि सोनिया या मजूर मुलीच्या संबंधांभोवती फिरते. कारकुनाच्या डोळ्यांना मळा हिरवा दिसतो, आणि त्या हिरवेपणाखालचे दुःखही दिसते. पण ते प्रेमकथेच्या अंतरावरून.

तिसरा साक्षीदार वंशज. श्रीलंकेतील सी. व्ही. वेलुपिळ्ळै (जन्म १९१४) मळ्यातच जन्मले, परंतु कंगाणीच्या घराण्यात. ‘इन सिलोन्स टी गार्डन’ (१९५४) हे त्यांचे इंग्रजी काव्य. १९४७ मध्ये ते संसदेवर निवडून गेले आणि लगेच १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांच्या बहुसंख्य मतदारांना राज्यहीन केले. मॉरिशसमधील अभिमन्यु अनत यांची ‘लाल पसीना’ (१९७७) ही हिंदी कादंबरी गिरमिटिया मजुरांच्या वंशजाने पूर्वजांविषयी लिहिलेली आहे. मराठी अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. कोकण आणि लगतच्या भागांतून मुंबई बंदरामार्गे मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेलेले मजूर हे आपल्याच भाषेचे होते. त्यांच्या वंशजांनी तेथे मराठी जपली. महाराष्ट्रातील मुख्य साहित्यप्रवाहाने मात्र या प्रवासाला आपल्या कथनात जवळजवळ स्थान दिले नाही.

या तिन्ही साक्षींतून एक तपशील विशेष लक्ष वेधतो. ‘रेड टी’ ज्या मजुरांविषयी आहे, त्यांच्या भाषेत ती २००७ मध्ये आली : इरा. मुरुगवेळ यांचा ‘एरियुम पनिक्काडु’ हा अनुवाद. इंग्रजीतून तमिळपर्यंतचे अंतर कापायला कादंबरीला अडतीस वर्षे लागली. २०१३ मध्ये बाला यांनी तिच्या आधारे ‘परदेसी’ हा चित्रपट केला. अनुवादाची दिशा नेहमी देशी भाषेकडून इंग्रजीकडे असते, असे मानणाऱ्या तौलनिक अभ्यासाला या उलट्या प्रवासाने आपली गृहीतके तपासायला लावली पाहिजेत.

४

आता मुलाकडे वळू. या कृतींत मुले नाहीत, असे म्हणता येणार नाही. ती झोपडीत आहेत, आजारी आहेत, आईच्या पाठीवर आहेत, मरतात. परंतु त्यांचे कामच जेथे कथनाचा विषय व्हावे, अशी जागा क्वचित येते. आनंद गंगूच्या घरची मजुरी मोजतात तेव्हा तिचा अर्थ असा असतो की सारे घर राबूनही पोट भरत नाही. हा आरोप खरा आणि प्रभावी आहे. पण त्यात बुद्धू हा एका बेरजेचा घटक होतो. शोषण होते ते ‘कुटुंबाचे’, आणि कुटुंब म्हणजे गंगू. त्याच्या मृत्यूबरोबर कथानक संपते, कारण लेखकाच्या लेखी श्रमिकाचे चरित्र संपलेले असते. लैलाचे वयात येणे हा कथानकाचा भाग बनतो, कारण ते साहेबाच्या वासनेला निमित्त होते. तिच्या हातांचे काम तसा बनत नाही. शीर्षकातील दोन पाने आणि एक कळी ही खुडणीची व्यावसायिक मोजणी आहे, आणि समीक्षकांनी तिचा अर्थ आईबाप व मूल असा प्रतीकात्मक लावला तर तो सुंदर दिसेल. मात्र कळीदेखील त्याच टोपलीत खुडली जाते, हे त्या प्रतीकातच आहे.

मळ्याच्या अर्थकारणाला कुटुंब का हवे होते, हे समजून घेतले पाहिजे. एकटा पुरुष पळून जातो. कुटुंब असलेला पळत नाही. स्त्रिया खुडणी करतात, मुले तण काढणे, कीड वेचणे, आईच्या टोपलीत पाने टाकणे अशी कामे करतात, आणि उद्याचा मजूर मळ्यातच जन्मतो. म्हणजे भरतीचा खर्च वाचतो. मूल हे येथे आजचे हात आणि उद्याची भरती असे दुहेरी भांडवल होते. आईच्या टोपलीत पडलेल्या पानांची नोंद आईच्या नावावर होते, म्हणून वहीत मूल कधीच सापडत नाही.

स्वातंत्र्योत्तर कायद्याने ही स्थिती बदलण्याचा निश्चित प्रयत्न केला. १९५१ चा मळे कामगार कायदा चहा, कॉफी, रबर आणि सिंकोना यांच्या मळ्यांना लागू झाला. घर, पाणी, दवाखाना, पाळणाघर आणि शाळा ही मालकाची जबाबदारी ठरली. अशा तरतुदी त्या काळी फार थोड्या उद्योगांत होत्या, हे मान्य केले पाहिजे. परंतु या कायद्याचे एखाद्या साहित्यकृतीसारखे बारकाईने वाचन केले, तर एक रचना दिसते. सहा ते बारा या वयोगटातील मुलांची संख्या पंचवीसहून अधिक असेल तर शाळेची सोय करायची. आणि बारा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाला कामावर घ्यायचे नाही. दोन्ही कलमे बाराव्या वर्षापाशी येऊन भेटतात. शाळेचे दार जेथे बंद होते, तेथेच मळ्याचे दार उघडते. आमच्या विद्यार्थिनीच्या भावाची कथा कायद्याच्या उल्लंघनातून घडली असे मी समजत होतो. प्रत्यक्षात तिचा आराखडा कायद्यानेच आखून दिला होता.

पुढे १९८६ चा बालकामगार कायदा आला, २००९ मध्ये सहा ते चौदा वयोगटासाठी शिक्षणाचा हक्क आला, आणि २०१० च्या दुरुस्तीने मळ्यांवर चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई झाली. १९५१ चा मूळ कायदा आता इतिहासजमा झाला असून २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने त्याची जागा घेतली आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदाही याच संहितेत विलीन झाला. मधल्या काळात २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांच्या कामावर सर्वत्र बंदी घातली, पण शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत कुटुंबाला अथवा कौटुंबिक व्यवसायाला मदत करण्यास, काम धोकादायक नसल्यास, मुभा ठेवली.

‘कुटुंब’ हा शब्द पुन्हा येथे परत येतो. मोठ्या मळ्याला कौटुंबिक व्यवसाय म्हणता येणार नाही, हे खरे. पण आज देशातील चहाच्या उत्पादनाचा निम्म्याच्या आसपासचा वाटा छोट्या उत्पादकांकडून येतो. पाच हेक्टरांखालील ही लागवड १९५१ च्या कायद्याच्या कक्षेबाहेरच होती. तेथे कुटुंबाची मदत कोठे संपते आणि मुलाची मजुरी कोठे सुरू होते, हे ठरवणार कोण? मजुरी करणारे घर आणि मजूर लावणारे घर, दोन्हींना ‘कुटुंब’ हाच शब्द लागू होतो आणि दोन्हीकडचे मूल त्याच शब्दाआड जाते. कादंबरीकाराने करुणेपोटी कुटुंबाला एक मानले, मळेवाल्याने हिशेबापोटी मानले, आणि कायद्याने संस्कृतीच्या आदरापोटी. हेतू भिन्न असले तरी मूल अदृश्य होण्याचा परिणाम सारखाच आहे.

५

या कोंडीतून बाहेर पडण्याची एक वाट मराठी साहित्याने दाखवली आहे, असे मला वाटते. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) ही आत्मकथने मळ्याविषयीची नाहीत. तरीही येथे त्यांचा संदर्भ अप्रस्तुत नाही. ‘उपरा’तील कैकाडी कुटुंब गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव हिंडते, मुलाला शाळेत घालण्याचा बापाचा हट्ट जातपंचायतीच्या रोषाला कारण ठरतो. या कथनात मूल बेरजेचा घटक राहत नाही. मोळी त्याच्या डोक्यावर आहे, भूक त्याच्या पोटात आहे, शाळेतील बाकाची जागा त्याला नाकारली गेली आहे, आणि सांगणाराही तोच आहे. बापाविषयी त्याच्या मनात माया आहे आणि रागही आहे. कुटुंब हे आश्रयस्थान आहे आणि ओझेही, ही गुंतागुंत बाहेरच्या साक्षीदाराला सहसा पकडता येत नाही. त्याला कुटुंबाची बाजू घ्यायची असते, म्हणून कुटुंबाच्या आत पाहणे त्याला अवघड जाते.

येथे एक आक्षेप संभवतो. दलित आत्मकथनांतील मूल बोलू शकले ते शाळेत गेले म्हणून. जे गेले नाही, त्याचे काय? आक्षेप रास्त आहे. आत्मकथन हे नेहमी वाचलेल्याचे कथन असते. परंतु त्यातूनच एक निष्कर्ष निघतो : मळ्यातील बालमजुरीचे साहित्य आपल्याकडे विरळ आहे, याचे कारण साहित्यिक अभिरुचीत शोधण्याआधी शाळेच्या नकाशात शोधावे लागेल. ज्या समाजातील मुलाला बाराव्या वर्षी शाळा सोडावी लागते, त्या समाजाचे आत्मकथन उशिरा येणारच. आसामात चहामळ्यांच्या समाजातून आलेले कवी सनंत ताँती (१९५२–२०२१) आणि समीर ताँती यांना अनुक्रमे २०१८ आणि २०२४ चे साहित्य अकादमी पुरस्कार मिळाले. मळ्यातून आलेला आवाज असमिया कवितेच्या मध्यभागी पोहोचला, ही मोठी घटना आहे. मळ्यावरील लेखनाच्या अभ्यासक्रमात आनंदांच्या शेजारी या कवींना स्थान मिळाले, तर साक्षीदार आणि साक्षीचा विषय यांतील अंतराचा प्रश्न विद्यार्थ्यांना आपोआप पडेल.

६

समारोपाकडे वळताना सद्यःस्थितीची एक बाजू नोंदवणे आवश्यक आहे. ज्यांचे पूर्वज छोटानागपूरहून आसामच्या मळ्यांवर नेले गेले, त्या आसाम-झारखंडच्या पट्ट्यातून आज मजूर कोडगूच्या कॉफीमळ्यांवर, मुन्नार आणि वाल्पाराईच्या चहामळ्यांवर जात आहेत. दक्षिणेतील जुन्या मजुरांची मुले शिकून मळ्याबाहेर पडली, हे तेथील संघर्षाचे आणि शाळांचे यश आहे. त्यांच्या रिकाम्या जागी दूरच्या प्रदेशातील मजूर आले. २०१५ मध्ये मुन्नारच्या स्त्री कामगारांनी प्रस्थापित संघटनांना बाजूला सारून जो संप केला, त्याने जुन्या मजुरांच्या आवाजाची ताकद दाखवली. ऑगस्ट २०२० मध्ये मुन्नारजवळील पेट्टीमुडी येथे दरड कोसळून मजुरांच्या वस्तीतील सत्तर जणांचा अंत झाला, तेव्हा ‘लयम’ म्हणजे वसाहतकाळातील ‘लाईन’च आहे, याची आठवण देशाला झाली. नव्या स्थलांतरितांच्या मुलांपुढे मात्र आणखी एक अडचण आहे. मळ्यातील शाळा तमिळ, मल्याळम वा कन्नड माध्यमाची, आणि घरातली भाषा सादरी किंवा मुंडारी. शाळा आहे, पण तिची भाषा आपली नाही, अशा मुलाला आईबरोबर मळ्यात जाणे अधिक स्वाभाविक वाटते. कायद्याने कामगाराची नोंद ठेवली. त्याच्यासोबत प्रवास करणाऱ्या मुलाची आणि त्या मुलाच्या भाषेची नोंद कोणी ठेवायची, हे अजून ठरायचे आहे. महाराष्ट्रात ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, तेव्हा हाच प्रश्न वेगळ्या रूपात पुढे आला होता : शाळेने मुलामागे जावे की मुलाने शाळेपाशी थांबावे?

हा प्रश्न शिक्षणतज्ज्ञांचा आहे, साहित्याच्या अभ्यासकांचा नव्हे, असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही. अनेक भाषांच्या सीमेवर काम करणे हाच आपला विषय आहे आणि हे मूल त्याच सीमेवर उभे आहे. मळ्यांतील बोलींमधील गाणी, कथा, आठवणी यांचे संकलन आणि अनुवाद, मळ्याच्या शाळेत वाचता येईल अशी द्विभाषिक पुस्तके, आणि ‘टू लीव्ह्ज अँड अ बड’पासून ‘रेड टी’पर्यंतच्या कृतींचे त्या मुलाच्या जागेवरून पुनर्वाचन, एवढे तरी विद्यापीठीय विभागांना करता येण्यासारखे आहे.

त्या विद्यार्थिनीला त्या दिवशी जे उत्तर दिले नाही, ते आता असे द्यावेसे वाटते : बुद्धूचे पुढे काय झाले, हे आनंदांनी सांगितले नाही, कारण ते सांगण्यासाठी बुद्धूला बाराव्या वर्षानंतरही शाळेत राहावे लागले असते. तिचा भाऊ राहू शकला नाही. ती राहिली, आणि तिने विचारले. यापुढे हा प्रश्न विचारल्याखेरीज ही कादंबरी वर्गात शिकवायची नाही, एवढे मी ठरवले आहे.